हीटर कोमट, टेस्टर मात्र पेटतोय: बेसबोर्ड हीटर आणि घरातल्या वायरिंगचा बिघाड कसा शोधावा

गेल्या जानेवारीत कॅनडातल्या ऑटवात पारा उणे २५ च्या खाली गेला, त्या रात्री एका नाशिककर मित्राचा फोन आला. "दादा, हॉलमधले दोन्ही हीटर चालू आहेत. टेस्टर लावला तर सगळीकडे पेटतोय. तरी खोली तापत नाही. खिडकीखालचा मोठा हीटर जवळजवळ गारच आहे, कोपऱ्यातला छोटा जरा कोमट लागतो." चार दिवसांपूर्वीच त्याने ओळखीच्या एका माणसाकडून जुना हीटर बदलून घेतला होता. घरात सहा महिन्यांची मुलगी आणि भारतातून आलेले आईवडील, स्वेटरवर स्वेटर चढवून बसलेले.

त्याच्या हातातला टेस्टर म्हणजे आपल्याकडे घरोघरी असतो तो, आत निऑनचा दिवा असलेला स्क्रूड्रायव्हर. सांगलीला आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड केला तेव्हा माझ्याही हातात पहिल्यांदा तोच आला होता. आता बरीच वर्षं मी इथे इमारतींच्या देखभालीचं काम करतो. आपल्या माणसांच्या घरी हीटरची तक्रार बघायला गेलो की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "करंट तर येतोय." बेसबोर्ड हीटरपुरता हा प्रश्न सोडून द्या. हीटरच्या दोन तारांमध्ये किती व्होल्ट आहेत ते मोजा. हा लेख कॅनडा-अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांसाठी आहे आणि त्यात सांगायचं मुख्यतः एवढंच आहे.

## इथली वीज कशी येते

आपल्याकडे घरात २३० व्होल्ट येतात, एक फेज आणि एक न्यूट्रल. गीझर असो की पंखा, सगळ्यांना तेच. फेज तोडला की उपकरण मेलं. इथे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून घरात तीन तारा येतात: दोन लाइव्ह आणि मधली न्यूट्रल. कुठलीही एक लाइव्ह आणि न्यूट्रल यांच्यात १२० व्होल्ट, दोन लाइव्हमध्ये २४० व्होल्ट. दिवे, फोनचे चार्जर, मिक्सर १२० वर चालतात. भिंतीच्या तळाशी बसवलेला बेसबोर्ड हीटर बहुतेक घरांत २४० वर चालतो. त्याला दोन लाइव्ह तारा आणि अर्थिंगची उघडी तांब्याची तार मिळते. न्यूट्रल नसतेच.

टेस्टर फसवतो तो इथेच. समजा दोनपैकी एक लाइव्ह वाटेत कुठेतरी तुटली. दुसरी लाइव्ह एलिमेंटमधून फिरून तुटलेल्या बाजूपर्यंत पोचते. टेस्टर दोन्ही टोकांना पेटतो, पण दोन टोकांमध्ये फरक शून्य, म्हणून उष्णताही शून्य. तारेजवळ नेला की पिंपिं करणारा बिनस्पर्शाचा टेस्टर इथे दुकानात मिळतो, तोही याच कारणाने दोन्हीकडे वाजतो.

दुसरा धोका रंगांचा, आणि मला याची जास्त काळजी वाटते. आपल्याकडे लाल, पिवळी, निळी म्हणजे फेज आणि काळी म्हणजे न्यूट्रल, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इथे काळी म्हणजे लाइव्ह. पांढरी सहसा न्यूट्रल, पण हीटरच्या केबलमध्ये पांढरी तारही लाइव्ह असू शकते. नियमाप्रमाणे तिच्यावर काळी किंवा लाल टेप गुंडाळायला हवी, जुन्या घरात ती गुंडाळलेली असेलच असं नाही. कॅनडात हीटरसाठी बऱ्याचदा लाल वेष्टनाची केबल वापरतात. तिच्यात एक काळी आणि एक लाल तार असते, दोन्ही लाइव्ह. गावाकडच्या सवयीने काळ्या तारेला हात लावू नका.

## हात घालण्याआधी

कॅट थ्री, ६०० व्होल्ट असं लिहिलेला डिजिटल मल्टिमीटर घ्या. त्याच्या टोकांना लावायच्या मगरचिमट्यांची एक जोडीही घ्या, ती नंतर फार उपयोगी पडते. सोबत विजेरी, मूठ असलेला चांगला स्क्रूड्रायव्हर आणि नवे वायर नट, म्हणजे तारांची टोकं एकत्र जोडायला त्यांवर पिळून बसवायच्या प्लॅस्टिकच्या टोप्या. साधन म्हणून एवढं पुरे.

वीज बंद करायची ती पॅनेलमधल्या, म्हणजे घरातले सगळे ब्रेकर असतात त्या पेटीतल्या ब्रेकरवरून; थर्मोस्टॅटवरून, म्हणजे खोलीच्या तापमानाप्रमाणे हीटर चालू-बंद करणाऱ्या भिंतीवरच्या खटक्यावरून कधीच नाही. थर्मोस्टॅट दोन प्रकारचे असतात. मागून दोन तारा निघतात तो सिंगल पोल, तो एकच लाइव्ह तोडतो. त्याची चकती सगळ्यात खाली आणली तरी हीटरमध्ये दुसरी लाइव्ह तशीच जिवंत असते आणि जमिनीशी १२० व्होल्टचा झटका देते. चार तारांचा डबल पोल, ज्यावर "ऑफ" अशी खरी जागा असते, तो दोन्ही लाइव्ह तोडतो. आपल्या भिंतीवर कोणता आहे हे बाहेरून बघून खात्रीने सांगता येत नाही, म्हणून ब्रेकर.

हीटरचा ब्रेकर जोडब्रेकर असतो, म्हणजे दोन खटके एकमेकांना बांधलेले असतात आणि एकत्रच पडतात. तो बंद करा, त्यावर टेप चिकटवा आणि "काम चालू आहे" असं मराठीतच लिहा. घरात पाहुणे असतील तर तोंडानेही सांगा. रात्रीची थंडी वाजली म्हणून वडीलधाऱ्यांनी खटका वर केल्याचं मी पाहिलंय.

मग मीटर तपासायचा. आधी चालू असलेल्या प्लगमध्ये लावून तो १२० दाखवतो का बघा. नंतर हीटरच्या तारांवर लावा, शून्य हवं: तार ते तार, आणि प्रत्येक तार ते अर्थ. मग पुन्हा चालू प्लगमध्ये. मधेच मीटरची बॅटरी गेली किंवा वायर सुटली तर शून्य खोटं असतं, म्हणून हा तिसरा टप्पा. मी आजही तो चुकवत नाही.

पॅनेलचं पुढचं झाकण मात्र काढू नका. मेन ब्रेकर बंद केला तरी बाहेरून येणाऱ्या जाड तारांच्या टोकांवर वीज असतेच, ती फक्त वीज कंपनी बंद करू शकते. झाकणाआतलं काम इलेक्ट्रिशियनचं.

कायद्याचंही बघून घ्या. ओंटारिओत मालकाला स्वतःच्या घरात वायरिंगचं काम करता येतं, पण बहुतेक कामांची इलेक्ट्रिकल सेफ्टी अथॉरिटीकडे नोंद करून तपासणी करून घ्यावी लागते. पैसे देऊन करून घ्यायचं असेल तर परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरच हवा. क्वेबेकात मालकालाही ही मोकळीक नाही, तिथे परवाना असलेल्या कॉन्ट्रॅक्टरकडूनच काम करून घ्यावं लागतं. अमेरिकेत गावागणिक नियम बदलतो, नगरपालिकेत विचारा. भाड्याने राहत असाल तर घरमालकाला लेखी कळवा आणि स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा. बिघाड कुठे आहे हे नेमकं सांगता आलं तरी निम्मं काम होतं, कारण येणारा माणूस थेट तिथे हात घालतो.

## आधी पाटी वाचा आणि हिशेब मांडा

हीटरच्या एका टोकाला किंवा आतल्या बाजूला वॅट आणि व्होल्ट लिहिलेली पाटी असते. साधारण दर फुटाला २५० वॅट असं माप आहे: चार फुटी हीटर १००० वॅटचा, सहा फुटी १५०० वॅटचा. खोलीला दर चौरस फुटाला १० वॅट लागतात असा ढोबळ अंदाज धरतात. १५० चौरस फुटांच्या खोलीत ७५० वॅटचा हीटर असेल तर तो बिघडलेला नाही, अपुरा आहे. अशा ठिकाणी दिवसभर बिघाड शोधून काही हाती लागत नाही.

वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. २४० वर १००० वॅटला ४.१७, १५०० ला ६.२५, २००० ला ८.३३ अँपिअर. हीटर तासन् तास चालतो, म्हणून ब्रेकरच्या ८० टक्क्यांपर्यंतच भार धरायचा. १५ अँपिअरच्या ब्रेकरवर एकूण २८८० वॅट, २० अँपिअरवर ३८४०. एका ब्रेकरवरच्या सगळ्या हीटरचे वॅट बेरजेला घ्या.

व्होल्टेज जुळतंय का तेही बघा. २४० चा हीटर १२० वर जोडला तर निम्मी नाही, चौथाई उष्णता देतो. उलट १२० चा हीटर २४० वर जोडला तर चौपट तापतो आणि लवकरच जळतो. बाजारात दोन्ही सारखेच दिसतात.

## हीटर अजिबात तापत नाही

सोप्याकडून अवघडाकडे जा. ब्रेकर पडलाय का? पडलेला खटका कधीकधी मधेच अडकतो आणि चालू असल्यासारखा दिसतो. त्याला आधी पूर्ण बंदकडे दाबायचं, टक् आवाज आला की मग चालूकडे. नुसता वर ढकलून तो बसत नाही.

थर्मोस्टॅट खोलीच्या तापमानापेक्षा पाच अंश वर करा. जुन्या चकतीच्या थर्मोस्टॅटमध्ये टिक् ऐकू येते. डिजिटल थर्मोस्टॅटचा पडदाच कोरा असेल तर ती उपयोगाची खूण आहे. दोन तारांचा डिजिटल थर्मोस्टॅट स्वतःची वीज हीटरमधूनच घेतो. हीटरचं सर्किट कुठे तुटलं की पडदा विझतो. लोक नवा थर्मोस्टॅट आणतात, तोही कोराच, मग दुकानात परत करतात. दोष खाली हीटरमध्ये असतो.

आता मोजायचं. ब्रेकर बंद. हीटरच्या टोकाच्या डबीचं झाकण काढा, जिथे भिंतीतली केबल आत येते. वायर नट काढून उघड्या टोकांना मगरचिमटे लावा, तारा एकमेकींना आणि पत्र्याला लागणार नाहीत अशा ठेवा. हात बाजूला. कोणाला तरी थर्मोस्टॅट वर करून ब्रेकर चालू करायला सांगा. आकडा वाचा, ब्रेकर बंद. वीज चालू असताना हातात टोकं धरून डबीत घालायची गरज पडत नाही, हा चिमट्यांचा फायदा.

२४० च्या आसपास दिसलं तर भिंतीतलं सगळं ठीक, बिघाड हीटरमध्ये. शून्य दिसलं तर प्रत्येक तार अर्थशी मोजा, त्याच चिमट्याच्या पद्धतीने. एकीवर १२० आणि दुसरीवर शून्य असेल तर एक लाइव्ह वाटेत तुटली आहे: ब्रेकर, थर्मोस्टॅट, किंवा मधल्या एखाद्या डबीतला सैल जोड. दोन्हींवर १२०, तरी एकमेकींत शून्य, असं निघालं तर बहुधा दोन्ही तारा पॅनेलमधल्या एकाच लाइव्हवर आहेत. जोडब्रेकरऐवजी एकाच खाचेत बसणारा दुहेरी ब्रेकर कोणी बसवला तर नेमकं हेच होतं. टेस्टर दोन्हीकडे झकास पेटतो आणि घर गार.

वाटेत कुठे हे शोधायला तीच मोजणी थर्मोस्टॅटच्या डबीत करा. पॅनेलकडून येणाऱ्या तारांत २४० आहे पण हीटरकडे जात नाही, तर थर्मोस्टॅट गेला. मात्र दोन तारांचा डिजिटल थर्मोस्टॅट हीटर सुटा असताना तसाही चालत नाही, त्यावरून तो गेला असं धरू नका. नवा घेताना एक लक्षात ठेवा: सेंट्रल फर्नेससाठीचे नेहमीचे स्मार्ट थर्मोस्टॅट २४ व्होल्टचे असतात. ते हीटरच्या तारांना थेट जोडले तर जळतात, आगही लागू शकते. पाकिटावर लाइन व्होल्टेज, २४० असं लिहिलेलंच हवं. मायसा, सिनोपे यांसारख्या कंपन्या बेसबोर्डसाठी वेगळे स्मार्ट थर्मोस्टॅट बनवतात.

## हीटरच्या आत

ब्रेकर बंद, भिंतीतल्या तारा सोडवलेल्या, मीटर ओहमवर. हीटरच्या स्वतःच्या दोन टोकांमध्ये किती रोध यायला हवा? व्होल्टचा वर्ग भागिले वॅट. २४० चा वर्ग ५७,६००, म्हणून १००० वॅटला ५७.६ ओहम, १५०० ला ३८.४, २००० ला २८.८, ५०० ला ११५.२. थोडं इकडेतिकडे चालतं. जवळपास आलं तर एलिमेंट ठणठणीत.

मीटरने तुटलेलं सर्किट दाखवलं तर लगेच हीटर फेकू नका. आतमध्ये एलिमेंटच्या लांबीभर एक बारीक नळी धावते, ती अतितापाचं संरक्षण. कुठेही पडदा किंवा गादी टेकून ठरावीक मर्यादेपेक्षा उष्णता साठली की ती सर्किट तोडते आणि थंड झाल्यावर आपोआप जोडते. हीटर पूर्ण गार असताना तिच्या दोन टोकांत शून्याजवळ रोध हवा. नसेल तर हीच गेलेली आहे. तिला तारेचा तुकडा लावून बगल देऊन हीटर चालवलेले मी पाहिलेत, त्यातल्या एकाच्या वरचा रंग तपकिरी झाला होता. असं कधीही करू नका. हीटर महाग नसतो, आख्खा बदला.

दुसऱ्या टोकाची डबीही उघडून बघा. बहुतेक हीटरना वीज डावीकडून किंवा उजवीकडून देता येते. ज्या टोकाला वीज देत नाही, तिथला कारखान्यातून आलेला जोड तसाच ठेवावा लागतो. बसवताना कोणी तो सोडला असेल तर सर्किट पूर्ण होत नाही आणि नवा कोरा हीटर मेलेला वाटतो.

शेवटी प्रत्येक टोक आणि हीटरचा पत्रा यांत मोजा. इथे काहीही जोड दिसता कामा नये. दिसला तर पत्र्यावर वीज उतरतेय, तो हीटर पुन्हा लावायचा नाही. लहान मुलं रांगत असतील त्या घरात तर हे मोजल्याशिवाय झाकण बंद करू नका.

## कोमट हीटर: नाशिककराचा हॉल

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्याकडच्या परवानाधारक इलेक्ट्रिशियनला घेऊन त्याच्याकडे गेलो. खिडकीखाली १००० वॅटचा, कोपऱ्यात ५०० वॅटचा हीटर, दोन्ही २४० चे, एकाच थर्मोस्टॅटवर. एकूण १५०० वॅट यायला हवे होते. थर्मोस्टॅटच्या डबीत २४० पुरे होते. मोठ्या हीटरच्या टोकांत मोजलं तर ८०. छोट्याच्या टोकांत १६०. दोन्हींची बेरीज २४०, आणि तिथेच उत्तर होतं.

हीटर एकमेकांना समांतर जोडायचे असतात, म्हणजे दोन्ही लाइव्ह प्रत्येक हीटरपर्यंत थेट पोचल्या पाहिजेत. इथे हीटर बदलणाऱ्याने एक लाइव्ह पहिल्या हीटरला, त्याचं दुसरं टोक पुढच्या हीटरला, आणि तिथून दुसरी लाइव्ह, अशी माळ केली होती. दिवाळीच्या जुन्या दिव्यांच्या माळेसारखी. ५७.६ आणि ११५.२ ओहम मिळून १७२.८, त्यातून जेमतेम १.३९ अँपिअर वाहत होते. मोठा हीटर देत होता १११ वॅट, छोटा २२२. पंधराशेच्या जागी ३३३ वॅट. माळेत ज्याचा रोध कमी, म्हणजे मोठा हीटर, तोच जास्त गार राहतो. मित्राने फोनवर सांगितलेली ती उलटी खूण, मोठा गार आणि छोटा कोमट, खरं तर पूर्ण निदान होतं. मला ते फोनवरच ओळखता यायला हवं होतं.

सगळेच कोमट हीटर असे नसतात. पाकळ्यांसारख्या पातळ ॲल्युमिनिअमच्या पट्ट्यांत वर्षाची धूळ आणि केस अडकले की हवा फिरत नाही. खाली जाड गालिचा असेल तर थंड हवा आत शिरत नाही. हीटर थोडा वेळ तापून बंद, पुन्हा तापून बंद असं करत असेल आणि थर्मोस्टॅट अजून गरमच मागत असेल, तर बहुधा अतितापाचं संरक्षण काम करतंय: वर काहीतरी टेकलंय.

हे "काहीतरी" आपल्या घरांत काय असतं ते मला ठाऊक आहे. हिवाळ्यात भारतातून आलेली आई ओले टॉवेल आणि पायमोजे हीटरवर वाळत घालते. कपडे वाळवण्यासाठी घरात दुसरी ऊबदार जागा नसते, तिचं काही चुकत नाही, तिला कोणी सांगितलेलंच नसतं. आल्या दिवशी प्रेमाने सांगा आणि एक घडीची दांडी आणून द्या. विरजणाचं भांडंही हीटरवर न ठेवता ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा, दही छान लागतं. पडदे, पलंगाची चादर, सोफा यांना किती अंतर हवं ते हीटरच्या सूचनापत्रात असतं. मी घरी सगळ्या बाजूंनी निदान फूटभर मोकळं ठेवतो. हीटरच्या बरोब्बर वर प्लग असेल तर त्यात लोंबणारी वायर लावू नका, तिचं वेष्टन वितळतं.

## ब्रेकर पडतो

किती वेळाने पडतो हे घड्याळ लावून बघा, त्यातच बरंच कळतं. चालू करताक्षणी फाट्कन पडला तर शॉर्ट आहे किंवा तार पत्र्याला टेकलीय. परत परत चालू करून बघायचं नाही. हीटर सोडवून, त्याच्या जागी भिंतीतल्या तारांवर वायर नट लावून एकदाच ब्रेकर चालू करा. टिकला तर दोष हीटरमध्ये, नाही टिकला तर केबलमध्ये. चित्र टांगताना ठोकलेला खिळा केबलमध्ये गेल्याचं प्रकरण इमारतींत दरवर्षी एक तरी निघतंच.

वीस मिनिटांनी, तासाने पडत असेल तर भार जास्त आहे किंवा जोड सैल होऊन ब्रेकरजवळच उष्णता तयार होतेय. वॅटची बेरीज करा. बेरीज बसत असेल तर ब्रेकरच्या पुढच्या भागाला हाताच्या पाठीने स्पर्श करा. कोमट चालतो, चटका बसला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. मोठा ब्रेकर बसवून प्रश्न सोडवणं म्हणजे केबलला जाळायला परवानगी देणं. १४ नंबरच्या तांब्याच्या तारेला १५ अँपिअर, १२ नंबरला २० अँपिअर, हे प्रमाण मोडायचं नाही.

बेसबोर्ड बंद पडला म्हणून तात्पुरता प्लगचा हीटर आणला जातो, तेव्हा घरातलं दुसरं सर्किट अडचणीत येतं. १५०० वॅटचा तो हीटर १२० वर १२.५ अँपिअर घेतो. १५ च्या सर्किटवर त्याच्याबरोबर इस्त्री किंवा इलेक्ट्रिक कुकर चालणार नाही. एक्स्टेंशन बोर्डवर तो कधीही लावू नका, भिंतीच्या प्लगमध्ये थेट लावा आणि तासाभराने पिनेच्या बाहेरच्या प्लॅस्टिकला हात लावून बघा.

## हीटर बंद होत नाही, आवाज करतो, वास येतो

थर्मोस्टॅट खाली आणूनही हीटर तापत राहिला तर जुन्या थर्मोस्टॅटचे आतले संपर्कबिंदू चिकटले असण्याची शक्यता मोठी. ब्रेकर बंद करा, थर्मोस्टॅट बदला. तो बाहेरच्या भिंतीवर किंवा दाराच्या फटीसमोर असेल तर त्याला कायम थंडीच जाणवते, मग तोही थांबत नाही.

तापताना-निवताना टिकटिक, कटकट होणारच, पत्रा पसरतो आणि आकसतो. सतत गुणगुण किंवा चरचर मात्र सैल जोडाची असू शकते. थंडीच्या पहिल्या दिवशी धूळ जळाल्याचा वास अर्ध्या तासात जातो. सडक्या मासळीसारखा किंवा प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला तर ब्रेकर बंद, आणि डब्या उघडून बघितल्याशिवाय चालू नाही. आत तपकिरी झालेलं वेष्टन, ठिसूळ वायर नट दिसला तर तार चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापून नवा वायर नट लावावा लागतो. लावल्यावर प्रत्येक तार स्वतंत्रपणे ओढून बघा.

## बिघाड हीटरपुरता नसेल तर

घरातले काही दिवे एकदम प्रखर आणि काही मंद होत असतील, इस्त्री किंवा प्लगचा हीटर असं १२० वरचं काही लावलं की आणखी बदलत असतील, तर मुख्य न्यूट्रल सैल झालेली आहे. एका बाजूला १४०, दुसरीकडे १०० व्होल्ट असं होतं आणि टीव्ही, फ्रिज जळतात. ताबडतोब मेन बंद करून वीज कंपनीला फोन करा, रात्र असली तरी. अर्धं घर मेलं आणि सगळेच हीटर एकदम गार पडले, तर बाहेरून येणारी एक लाइव्ह गेलीय. तोही फोन त्यांनाच.

एखाददुसरा प्लग मेला असेल तर घाबरू नका. बाथरूम, गॅरेज, बाल्कनीत "रीसेट" बटण असलेले प्लग असतात आणि पुढचे अनेक साधे प्लग त्यांच्यामागे जोडलेले असतात. घरातली सगळी अशी बटणं दाबून बघा.

१९६५ ते १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंतचं घर असेल तर केबलच्या वेष्टनावर "ॲल्युमिनिअम" असा छाप आहे का ते तळघरात बघा. ॲल्युमिनिअमची तार जोडापाशी सैल होते, गंजते, तापते. तांब्याशी ती साध्या वायर नटने पिळून जोडायची नसते, त्यासाठी खास कनेक्टर असतात. अशा घरात थर्मोस्टॅटसुद्धा स्वतः बदलू नका.

## दुरुस्तीनंतर

झाकणं बसवायच्या आधी ब्रेकर बंद असतानाच ब्रश लावलेल्या व्हॅक्यूमने पट्ट्यांमधली धूळ काढा, वाकलेल्या पट्ट्या लांब नाकाच्या पकडीने हलकेच सरळ करा. अर्थिंगची तांब्याची तार हिरव्या स्क्रूला घट्ट आहे ना बघा. मग झाकणं लावा, ब्रेकर चालू करा, थर्मोस्टॅट पूर्ण वर. पंधरा मिनिटांनी थर्मोस्टॅटच्या चौकटीला आणि ब्रेकरला स्पर्श करा. हीटर दोन्ही टोकांपर्यंत सारखा तापलाय का ते वरून हात फिरवून कळतं. पॅनेलच्या दाराआतल्या तक्त्यावर त्या ब्रेकरसमोर खोलीचं नाव, एकूण वॅट आणि तारीख लिहून ठेवा, बहुतेक घरांत तो तक्ता कोरा किंवा चुकीचा असतो.

नाशिककराच्या हॉलमध्ये इलेक्ट्रिशियनने दोन्ही हीटर समांतर जोडले आणि थर्मोस्टॅटच्या तारेभोवती अँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर अडकवला. सकाळी त्यावर १.३९ होते, आता ६.२५. त्याच्या वडिलांनी चष्मा पुसून आकडा वाचला, मग आत जाऊन पॅनेलच्या दारावर पेन्सिलीने देवनागरीत लिहिलं: "हॉल, १५०० वॅट".